मुठीएवढ्या जागेत वळणारा पाइप

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना कुठलाही निर्णय घ्यायला वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. लग्नाला होकार दिला तो हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आत, असं ताई अजून सांगते, आणि हे कौतुक आहे की तक्रार याचा पत्ता लागू देत नाही. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाला असंच असावं लागतं. शेजारी बसलेला शिकाऊ इसम "वळू की सरळ जाऊ?" असं विचारत थेट खांबाकडे निघालेला असतो. तिथे विचार करत बसलं तर खांबही जायचा आणि गाडीही. दाजींच्या बाजूला, त्यांच्या पायाशी, एक जास्तीचा ब्रेक असतो. तो ते दाबतात आणि मग अगदी शांतपणे विचारतात, "हं, आता सांगा, कुठं जायचं होतं तुम्हाला?"

एक घाव दोन तुकडे करणारा हा माणूस एका पाइपापायी अडून बसला. आणि पाइप म्हणजे काय, तर हातभर लांबीचा. एक नाही, दोन. पण दोन्ही एकाच जातीचे.

माझं चष्म्याचं दुकान आहे. मी दिवसभर लोकांना विचारतो, "हे स्पष्ट दिसतंय की हे?" आणि लोक दिवसभर मला सांगतात, "दोन्ही सारखंच." त्यामुळे काहीच न ठरवणाऱ्या माणसांचा मला मनस्वी वैताग येतो. दुकानात तो गिळावा लागतो, नातेवाइकांत मी गिळत नाही. तरी दाजींनी मला या भानगडीत ओढलंच, कारण दुपारी माझं दुकान बंद असतं, माझ्याकडे स्कूटर आहे, आणि ताईला 'नाही' म्हणायची माझी अजून छाती होत नाही.

आता गाडीचं सांगतो. दाजींची एक जुनी शिकवायची गाडी होती. अर्ध्या गावानं तिच्यावर हात साफ करून घेतला होता. तिच्या दोन्ही बाजूंना लोकांच्या अज्ञानाच्या खुणा होत्या. नवी गाडी आल्यावर ही स्कूलमागच्या शेडमध्ये पडून होती. ती माझ्या भाचीनं मागून घेतली. भाचीला घरात सगळे 'तोफ' म्हणतात. लहानपणी ती रडायचीच तशी, आणि पुढे स्वभावानंही तिनं नाव राखलं. भाड्याच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत तिनं मोठमोठ्या बाप्यांना मागे टाकलं, तेव्हापासून तिनं एकच धोशा लावला होता: खऱ्या ट्रॅकवर खरी गाडी पळवायची. शहराबाहेर तसा ट्रॅक आहे. ठरावीक रविवारी ज्याला हवं त्यानं आपली गाडी आणावी, हेल्मेट घालावं आणि पळवावी. बापलेकींनी मिळून शेडमध्ये ती गाडी सोलून काढली. मागची सीट गेली, गालिचा गेला, दारांच्या आतले पुठ्ठे गेले. उरला तो नुसता पत्रा, आणि त्यात पुढच्या दोन खुर्च्या.

पहिल्या खेपेला नवख्यांची फेरी होती, त्यात शेजारी कुणाला तरी बसवायची मुभा असते. दाजी बसले. तोफेनं गाडी अशी पळवली म्हणतात, की तिथल्या मेकॅनिकनंही मान डोलावली. पण मग गाडीतून करपल्याचा वास आला. मेकॅनिकनं बॉनेट उघडून सांगितलं, "इंजिनातलं तेल तापतंय. ऑइल कूलर बसवा, नाहीतर पुढच्या वेळी इंजिन धरेल, पार जाम होईल. कूलर नसेल तर मी आत सोडणार नाही." पुढच्या वेळी, म्हणजे पुढच्या फेरीत, चालकानं एकट्यानंच जायचं असतं. आणि ती वेळ हंगामातली शेवटची होती. त्यानंतरच्या आठवड्यात तोफेला दूरच्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं. म्हणजे आता नाही, तर नाहीच.

कूलर लगेच आला. छोट्या रेडिएटरसारखाच असतो तो. तो पुढच्या जाळीमागे बसला. ऑइल फिल्टर आणि इंजिनाच्या मध्ये एक जाड चकती बसली. त्या चकतीला दोन तोंडं. एका तोंडातून गरम तेल कूलरकडे जायचं, दुसऱ्यातून थंड होऊन परत यायचं. राहिले काय, तर मधले दोन पाइप. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

पहिल्या दुकानात आम्ही गेलो ते गाड्यांच्या सुट्या भागांचं. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "आठ नंबर की दहा नंबर?" मी दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "कुठला जास्त वळतो?" तो म्हणाला, "आठ वळतो, पण तेल कमी जातं." "आणि दहा?" "दहातून तेल भरपूर जातं, पण वळत नाही." दाजींनी हाताची मूठ वळून त्याच्यापुढे धरली. "एवढ्या जागेत वळला पाहिजे." तो माणूस मुठीकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं की हा दम देतोय.

दुसऱ्या दुकानात रबरी पाइप चांगला की स्टीलच्या जाळीचा, यावर दोन भावांची जुंपली. थोरला म्हणाला, स्टीलच घ्या, बंदुकीच्या गोळीनंही फुटायचा नाही. धाकटा म्हणाला, फुटायचा नाही हे खरं, पण ती जाळी कानशीसारखी शेजारचं सगळं घासत बसते. आज पाइप शाबूत, उद्या शेजारचा भाग कापलेला. मग थोरला म्हणाला, शेजारी काही नसेलच तर काय घासणार? आणि दोघांनी एकदम दाजींकडे पाहिलं. "शेजारी काय आहे हो?" दाजी म्हणाले, "तसं काही नाही," आणि पायऱ्या उतरून चालू लागले. मी त्यांच्यामागून. माझं डोकं तोवर गरगरायला लागलं होतं. टोकं स्क्रूची की मशीनवर दाबलेली, सरळ की अर्धी वाकडी की काटकोनात, आत रबर की दुसरं काही, बाहेर कापडी जाळी की लोखंडी! एका पाइपाला इतके प्रश्न असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझ्या आयुष्यात पाइप एकच: नळाला लावतात तो.

तिसरा गाठला तो खरा जाणकार. खोदाईच्या यंत्रांचे पाइप बनवून देणारा. त्याला सगळे होजवाला म्हणतात. दुकानात भिंतभर काळ्या पाइपांची वेटोळी टांगलेली, जळक्या रबराचा वास, आणि मधोमध एक दणकट प्रेस. त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं, कानामागची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "साहेब, पाइप मी चहा होईस्तोवर करून देतो. मला फक्त जागा दाखवा. गाडी आणा."

"गाडी नाही आणता येत. चालू नाहीये," दाजी म्हणाले.

"मग फोटो आणा."

"फोटो येत नाही नीट. अंधार आहे तिथं."

"बॅटरी मारा की."

"बघतो," दाजी म्हणाले, आणि पुन्हा ती मूठ. "एवढ्या जागेत वळणारा, दहा नंबरचा, आणि अगदी शेजारी काही हललं तरी न घासणारा. असा नाही का मिळत?"

होजवाल्यानं पेन्सिल परत कानामागे ठेवली. "मिळतो ना. स्वर्गात."

हे सगळं एकदा झालं असतं तर मी हसलो असतो. पण आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. दाजी नमुन्याचे तुकडे घेऊन यायचे, शेडमध्ये जायचे, आतून कडी लावायचे, आणि थोड्या वेळानं हात पुसत बाहेर येऊन म्हणायचे, "नाही जमत." काय जमत नाही? का जमत नाही? ताकास तूर लागू देत नव्हते. रविवार जवळ येत होता. मला काही सुधरेना. जो माणूस भर चौकात दुसऱ्याचा जीव एका पायाच्या दाबावर वाचवतो, त्याला दोन पाइप निवडता येऊ नयेत?

ताईच्या घरी जेवायला बसलो असताना मी विषय काढला. तोफ ताटात बघत जेवत होती. ताई वाढता वाढता म्हणाली, "मला विचाराल तर तो पाइप न मिळालेलाच बरा. मी गप्प आहे ती एकाच गोष्टीसाठी. पोरगी घाबरत नाही. तिच्या डोळ्यांत जरा जरी भीती दिसली असती ना, तर त्या गाडीला मी हात लावू दिला नसता."

"आई, पुरे," तोफ म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून उठली. दाजी मूग गिळून बसले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असं मला वाटलं तरी. बापाला पोरीला पाठवायचंच नाही! एकुलती एक लेक, पुढच्या आठवड्यात दूर जायची, त्यात आता एकटीनं ट्रॅकवर. सरळ 'नको' म्हणायची हिंमत नाही, म्हणून पाइपाचं निमित्त. नाचता येईना अंगण वाकडं. दुसऱ्या दिवशी होजवाल्याच्या दुकानाबाहेर चहा पिताना मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

"दाजी, खरं सांगा. तिला जाऊच द्यायचं नाहीये ना तुम्हाला? मग तोंडानं सांगा की! पाइपाच्या आड कशाला लपताय?"

दाजींनी चहात बघितलं. "असेल तसं."

"असेल म्हणजे?"

"तू म्हणतोस तर असेल."

मला इतका राग आला की मी उरलेला चहा ओतून दिला. भांडायला तरी यावं माणसानं! मी ते ताईला सांगितलं, ताईनं नणंदेला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गोतावळ्यात झालं की ड्रायव्हिंगचे मास्तर लेकीच्या गाडीला घाबरले. लोक फोन करून विचारायला लागले, "काय मास्तर, मिळाला का पाइप?" दाजी सगळ्यांना सांगायचे, "शोधतोय." त्यांच्या स्कूलमध्ये शिकायला येणारी एक बाई हसत हसत म्हणाली, "सर, मला क्लच जमला, पण तुम्हाला पाइप जमेना." त्यावर दाजीही हसले. मला ते हसू बघवलं नाही, आणि का बघवलं नाही ते तेव्हा समजलंही नाही.

रविवारच्या आदल्या दुपारी मी ठरवलं, की आता आपणच बघायचं. लोकांच्या बुबुळांवर उजेड टाकायची माझी छोटी बॅटरी घेतली, शेजारच्या नळदुरुस्तीवाल्याकडून पाइपाचा एक तुकडा मागून आणला, आणि शेड गाठली. शटर अर्धं वर होतं. गाडीचं तोंड माझ्याकडे, बॉनेट उघडं. मी वाकून आत शिरलो, थेट इंजिनापाशी गेलो, आणि त्या चकतीचं तोंड शोधून काढलं. ते इंजिनाच्या मागच्या अंगाला, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या समोर होतं. तुकडा तिथं धरला आणि वळवायला गेलो, तर खट्कन अडला.

उजेड टाकला. पत्र्यावर एक घरगुती बनवलेला लोखंडी ब्रॅकेट होता, त्याला एक चाकी, आणि चाकीवरून जाणारी जाड वायर. ब्रॅकेट आणि चकती यांच्यामध्ये जागा उरत होती ती बरोब्बर मुठीएवढी. वायर पत्र्याच्या एका भोकातून बाहेर यायची आणि दुसऱ्यातून आत जायची. ही कसली वायर? मी माझ्या परीनं खूप डोकं चालवलं. लाइटची? पण लाइटची वायर चाकीवरून कशाला जाईल? कळेना, म्हणून मी तिला दोन बोटं अडकवून जोरात ओढली.

गाडीच्या आतून आवाज आला, "बाबा?"

बॉनेटमुळे मला काही दिसत नव्हतं.

"बाबा, मी बरोबर चालले होते ना? मग ब्रेक का दाबलात?"

आवाज तोफेचाच होता, पण मला ओळखायला वेळ लागला. ही चिमुकल्या पोरीसारखी कोण बोलतेय? मी वायर सोडली आणि बाजूनं जाऊन आत पाहिलं. ती चालकाच्या जागी हेल्मेट घालून बसली होती. हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले, मनातल्या मनात ट्रॅकवर फेरी मारत. तिच्या पायाखालचा ब्रेक अजून वर येत होता.

तिनं डोळे उघडले आणि मला पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला.

मग मला त्या वायरचा उलगडा झाला. ती दाजींच्या जास्तीच्या ब्रेकची वायर होती. त्यांनी स्वतः बनवलेली जोडणी. त्यांच्या पायाखालचं पेडल दाबलं, की वायर ओढली जायची आणि चालकाचा ब्रेक लागायचा. आम्ही सगळे इतकी वर्षं त्या गाडीत बसत आलो होतो, की ते पेडल आम्हाला दिसेनासंच झालं होतं. दाराच्या हँडलसारखं ते गाडीचंच असणार, असं धरून चाललो होतो. सीट काढली, गालिचा काढला, पण ते कुणी काढलं नाही आणि का नाही काढलं हे कुणी विचारलंही नाही. पाइप आणि ती वायर एका जागेत मावणार नव्हते. वायर हलली की पाइपावर घासणार, आणि तेलाचा पाइप कापला गेला तर गरम तेल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर, म्हणजे आगच. म्हणजे जगातला कुठलाही पाइप आणला असता तरी चालला नसता. आणि तो ब्रॅकेट काढला असता तर कुठलाही चालला असता.

"हे काढत का नाहीत दाजी?" मी विचारलं. अजूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

तोफेनं हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते. "मी नको म्हटलंय."

"तू?"

"मामा, मला भीती वाटते. एकटीनं जायची." तिनं ते असं सांगितलं, की जणू चोरीच कबूल करत होती. "त्या दिवशी बाबा शेजारी होते म्हणून मी तशी चालवली. आता त्या सीटवर कुणी नसणार, ते पेडल कुणी दाबणार नाही, कळतंय मला. वेडी नाहीये मी. पण ते तिथं आहे म्हटलं, की पाय थरथरत नाही. मी बाबांना शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. आईला कळलं तर संपलंच. आणि सगळे मला तोफ म्हणतात, त्यांना काय तोंड दाखवू?"

लोक माझ्याकडे येतात ते दिसत नाही म्हणून. इथे माझ्या नाकासमोरचं मलाच दिसलं नव्हतं. दाजींना मी भित्रा म्हटलं होतं, चारचौघांत पोचवलं होतं, आणि त्या माणसानं "असेल तसं" म्हणून ते पदरात घेतलं होतं.

तेवढ्यात शटरखालून दाजी आत आले. हातात पिशवी, पिशवीत आणखी एक तुकडा. आम्हा दोघांकडे पाहून त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली.

"कळलं वाटतं," ते म्हणाले.

"मी सांगितलं," तोफ म्हणाली.

"बरं केलंस." दाजी मडगार्डवर टेकले आणि मला म्हणाले, "मी हिला म्हटलं होतं, वायर काढू आणि पेडल नुसतं राहू दे. तर म्हणाली, ते खोटं होईल. बरोबर आहे तिचं. म्हणून म्हटलं, बघू, मिळेल एखादा पाइप." मग ते लेकीकडे वळले. "हे बघ, नाहीच मिळाला. उद्या नाही गेलो म्हणून काही बिघडत नाही. मी सांगेन सगळ्यांना, की मला पाइपच मिळाला नाही."

"लोक तुम्हाला हसतायत, बाबा."

"हसू देत की. मला काय होतंय?"

"मला होतंय!" ती ओरडली. शेडचा पत्रा दणाणला; ही मात्र आमची तोफ होती. "ती क्लचवाली बाईसुद्धा हसते तुम्हाला! आणि आता हे आयुष्यभर चालणार! मास्तरला पाइप मिळाला नाही, मास्तरला पाइप मिळाला नाही!" ती गाडीतून उतरली, पान्हे ठेवलेल्या डब्यात खुडबुड केली, एक पाना घेतला, आणि बॉनेटखाली वाकली. तो आकार लागला नाही. दुसरा घेतला. दाजींनी माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि तिला उजेड धरून उभे राहिले. नट गंजलेला होता. ती नाक ओढत होती, पाना निसटत होता, बोटं खरचटत होती. मी मदतीला पुढे झालो, तर दाजींनी डोळ्यांनीच मला मागे सारलं.

ब्रॅकेट निघाला, चाकी निघाली, वायर निघाली, पेडलही निघालं. पत्र्यावरची भोकं दाजींनी पत्र्याचे गोल तुकडे रिवेट करून बुजवली.

होजवाल्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, "एवढी मोकळी जागा आहे की! मग इतके दिवस काय चाललं होतं?"

"सुचलं नाही," दाजी म्हणाले.

तोफ पुढे झाली. "त्यांना सुचलं होतं. मीच काढू देत नव्हते." मग दहा नंबर, वरून कापडी जाळी, एक टोक सरळ आणि एक काटकोनात, असं तिनं एका दमात सांगून टाकलं. प्रेस दोनदा दणकला, पाइप तयार झाले, आणि चहा खरोखरच नंतर आला.

रात्री जेवताना तिनं स्वतःहून आईला सांगितलं. "आई, मला भीती वाटते. तरी मला जायचंय." आता ताई कडाडणार, हे ठरलेलंच होतं. ताई मात्र बराच वेळ हातातला डाव भांड्यात फिरवत राहिली. मग म्हणाली, "जा. पण मी बघायला येणार नाही," आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आली नाहीच ती.

रविवारी मेकॅनिकनं इंजिन चालू ठेवून पाइप हातानं चाचपले, जोडांवर कागद फिरवला, कागद कोरडा निघाला, आणि त्यानं तोफेला आत जायची खूण केली. ती निघाली. गाडी पहिल्या वळणाआड गेली. आता नुसता आवाज येत होता, तोही कधी यायचा, कधी नाही. आम्ही दोघे कठड्याशी उभे होतो. मी दाजींकडे पाहिलं आणि घाबरलोच. हा शांत माणूस घामानं निथळत होता. ओठ पांढरे पडले होते.

"दाजी, बरं वाटत नाहीये का?"

"अरे, इतके दिवस ती घाबरत होती," ते म्हणाले, "तेव्हा मला घाबरायला सवडच नव्हती. तिचंच बघत होतो. काल तिनं ते काढलं आणि ती सुटली. रात्रभर मला झोप नाही."

मेहुण्या-दाजींच्या नात्यात आम्ही एकमेकांची टिंगल खूप केली आहे, दुसरं काही करायची सवय नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही. आवाज लांब गेला, बंद झाला, आणि बराच वेळ आलाच नाही. तेलाचं काय झालं असेल, पाइप सुटला असेल का, ती कुठं असेल, माझ्या डोक्यात नुसता कालवा.

मग पलीकडच्या वळणावर ती जुनी, चेपलेली गाडी दिसली. सरळ रेषेत, स्वच्छ, कुठेही धूर नाही. आमच्यासमोरून गेली तेव्हा तोफेनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिची नजर पुढच्या वळणावर होती. दाजी तिच्या मागे बघत राहिले, ती दिसेनाशी होईपर्यंत.

"सोड आता," ते म्हणाले. "हात मोडशील माझा."